एका 'ई'चं शुद्धिपत्र

सुतारबाई, पेपरात तुमच्या निधनाच्या बातमीत तुमचं नाव चुकलंय.

'सिंधु' छापलंय. धु ऱ्हस्व! पेपरवाल्यांवर डोळे वटारू नका, मजकूर मी पाठवला होता. तुमच्या धायरीच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसून, फोनवर, रडत रडत. फोनने आपल्या मनाने पहिला उकार पुढे केला आणि मी तो घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या धाकट्या बहिणीने, मंदाताईंनी, पेपर उघडला, बघितलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "गेली म्हणून वाचली. नाहीतर हे बघून गेली असती." इतक्या दुःखातही तुमच्या घरात टोमणा मारायचं राहत नाही. मला मात्र तो नेमका लागला.

मी पेपरच्या ऑफिसात फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, एका उकारासाठी शुद्धिपत्र नाही छापत कोणी. हवं तर नवीन जाहिरात द्या." शुद्धिपत्र! हा शब्द मला तुम्हीच लिहायला शिकवलात. "शुद्धी एकटी असली की दीर्घ, पत्राशेजारी बसली की ऱ्हस्व. पाहुण्यांसमोर आवाज लहान करतो ना आपण, तसं." पूर्वी पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात ते पान असायचं, अमुक ओळीत अमुक चुकलंय, त्याऐवजी तमुक वाचावे. छापखान्यातल्या तुमच्या तीस वर्षांत तुम्ही तपासलेल्या एकाही पुस्तकाला ते पान लागलं नाही, हे तुम्ही मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. दर वेळी मान थोडी वर करून.

बाई, आज मला ते पान लावायचंय. दहा-बारा वर्षं उशीर झालाय.

तुम्ही हिंजवडीला आमच्या कंपनीत आलात तेव्हा मी यवतमाळहून येऊन सहा महिने झाले होते आणि प्रोबेशनवर होते. तुमचा छापखाना कॉम्प्युटरने बंद पाडला होता, आणि त्याच कॉम्प्युटरसाठी अक्षरं तयार करायच्या आमच्या कामाला अक्षरं ओळखणारं माणूस हवं होतं, म्हणून तुम्हाला कंत्राटावर घेतलं होतं. मी पहिल्याच दिवशी तुम्हाला 'काकू' म्हणाले. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तुझ्या काकांना मी पाहिलेलंही नाही. बाई म्हण." मग दुपारी मी म्हणाले, "बाई, ते काम मी करून राहिली ना." तर तुम्ही म्हणालात, "करून झाल्यावर कुठे राहिलीस?" सगळा फ्लोअर हसला. मला इतका राग आला होता! रूमवर जाऊन आईला फोन करून म्हटलं, इथं एक खडूस बाई आहे, बाप्पा, हिच्याशी माझं जमत नाही. आठवड्याभरात आपण कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायला लागलो, कारण स्वारगेटला चढणाऱ्या आपण दोघीच वेळेवर यायचो.

बसमध्येच तुम्ही मला तुमचं सांगितलंत. वडील जुळारी, छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे. त्यांना डबा द्यायला जाता जाता तुम्ही अक्षरं उलटी वाचायला शिकलात, सुलटी नंतर. पुढे मुद्रितशोधक झालात, तेव्हा सुतार आडनाव ऐकून काही मोठी माणसं तुम्ही तपासलेलं पुन्हा एकदा तपासायला पेठेतल्या कुणाकडे तरी द्यायची. "द्यायची, आणि तसंच परत आणायची," तुम्ही म्हणायचात. "बोलायची नाहीत काही. मीही नाही." तुमची सगळी मिळकत ती न चुकणारी नजर होती, बाई. नाव लावायला दुसरं काही नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि तरीही मी जे केलं ते केलं.

मग ते वाईचं काम आलं. मॅनेजरने मीटिंगमध्ये 'वाई स्क्रिप्ट' म्हटलं आणि तुम्ही एकदम म्हणालात, "वाईला लिपी कुठली? स्वारगेटवरून दर तासाला एसटी आहे, जाऊन बघून येते." ही वाई आफ्रिकेतली, लायबेरियातल्या लोकांची, हे कळल्यावर तुम्ही तक्ता मागून घेतलात आणि दिवसभर त्यावरून मान वर केली नाहीत. दोनशेच्या वर अक्षरं, एकेक अक्षर म्हणजे एकेक आवाज, आपल्या बाराखडीसारखा: की, का, कू. मी तुम्हाला समजावलं, की जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला आता एक क्रमांक देतात, म्हणजे कुठल्याही देशातल्या कॉम्प्युटरवर तेच अक्षर उमटतं. वाईला ते क्रमांक नुकतेच मिळाले होते. "म्हणजे खिळ्यांची केस," तुम्ही म्हणालात. "प्रत्येक खिळ्याचं घर ठरलेलं. वडील न बघता हात घालायचे आणि 'क' हातात यायचा. हे तेच, केस तेवढी मोठी." इतकं सोपं मला आमच्या ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्याला त्या अक्षरांचा फाँट करायचा होता, कीबोर्ड करायचा होता, आणि मुलांसाठी एक सीडी: अक्षरावर क्लिक केलं की उच्चार ऐकू येणार. आपल्या सगळ्यांत वाई येणारं कोणी नव्हतं. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. "वाचता येत नाही तेच बरं. वाचणारा अर्थाच्या मागे जातो, चूक बघत नाही." तुम्ही कागद उलटा धरून एकेक वळण, एकेक टिंब जुळवून बघायचात, बस खड्ड्यातून जात असली तरी.

उच्चारांचा तक्ता मात्र मी केला. जगाच्या यादीत प्रत्येक अक्षराचं नाव इंग्रजीत दिलं होतं. पहिलंच अक्षर, डबल ई. आता डबल ई म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. नीता, मीना, शीतल. दीर्घ ई! पुढे सिंगल आय, म्हणजे ऱ्हस्व इ. डबल ओ म्हणजे पूजामधला ऊ, यू म्हणजे उ. मग अ, ए, ओ. आपले स्वर कसे ओळीने जागेवर बसले! मला केवढा आनंद झाला होता. मी माइकसमोर बसून स्वतःच्या आवाजात 'ई' रेकॉर्ड केला. तात्पुरता म्हणून केला होता, पण तात्पुरतं ते कायमचं, ही तर आपल्याकडची रीतच आहे.

आणि तुम्ही त्या तक्त्याच्या समासात लाल शाईने लिहिलंत: "इ-उला जोडी आहे, मग अ एकटा का? यांच्यात ऱ्हस्व-दीर्घ आहे कशावरून? तिकडच्या माणसाला विचारावे."

बाई, त्यांच्या भाषेचा एक शब्द माहीत नसताना तुम्ही चूक पकडली होती. नुसत्या शंकेने, नुसत्या एकट्या पडलेल्या 'अ'वरून. अख्ख्या फ्लोअरवर एवढे इंजिनियर होतो, कोणाच्या डोक्यात आलं नाही.

विचारायचं म्हणजे मेल लिहायची, आणि तिकडून उत्तर यायला चार-पाच दिवस. शुक्रवारी काम द्यायचं होतं. मी तुमच्या लाल ओळीखाली निळ्या पेनाने लिहिलं, "विचारल. बरोबर आहे. – वै."

विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बसमध्ये, चांदणी चौकात गाडी हलत नव्हती तेव्हा, तुम्ही पुन्हा म्हणालात, "विचारलंस ना नक्की?"

"हो, बाई."

"काय म्हणाले?"

"बरोबर आहे म्हणाले."

"मग ठीक." तुम्ही पर्स मांडीवर घेतलीत, तिच्यावर कागद ठेवून शेवटच्या पानावर सही केलीत. पूर्ण नाव, सिंधू सुतार, तुमचा तो लांब ओढलेला ऊ. माझ्या 'वै.'कडे बघून म्हणालात, "आणि हे वै. वै. लिहू नकोस. लोक वैकुंठवासी समजतील. चूक असो की बरोबर, पूर्ण नाव लिहावं माणसाने." मी हसले. हसू आलं मला त्या वेळी, सांगायला लाज वाटते.

महिन्याभराने पत्र आलं. तिकडच्या एका म्हाताऱ्या मास्तरांचं. मॅनेजरने ते सगळ्यांसमोर वाचलं. आमचं पहिलंच अक्षर तुमच्या यंत्राने चुकवलंय. तो आवाज ई नाही, ए आहे. डबल ओ म्हणजे ओ. सिंगल ई आणि सिंगल ओ हे तोंड जरा जास्त उघडून म्हणायचे, तुमच्या 'बॅट' आणि 'बॉल'सारखे. एक मुलगी मोठ्याने 'ई' ओरडते आणि आमचा वर्ग हसतो. क्रमांक बरोबर आहेत, आकार तर फारच सुंदर आहेत, कोणी केले त्यांना सलाम सांगा. पण उच्चारांचं आम्हाला एकदा तरी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या शेवटच्या वाक्याला तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

मॅनेजर म्हणाला, "फायनल साइन-ऑफ कोणाचा होता?"

मी म्हणाले, "बाईंचा."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच तर इतकं पटकन बोलता आलं. तुमच्या पायाशी तुमची रोजची कापडी पिशवी होती, तिच्यात तुमची फाइल, आणि फाइलमध्ये माझी निळी ओळ. मला ती पिशवीच दिसत होती. आता हात घालतील, आता काढतील, आता मी यवतमाळच्या गाडीत. तुम्ही पिशवीला हात लावला नाहीत. म्हणालात, "हो. शेवटची सही माझी आहे." तो म्हणाला, मॅडम, आम्हाला कॉन्ट्रॅक्ट पुढे नेता येणार नाही. तुम्ही म्हणालात, "न्यायचं कोणी म्हटलंय? चालत जाईन."

त्या संध्याकाळी बसमध्ये आपण हिंजवडीपासून स्वारगेटपर्यंत शेजारीच बसलो. उतरताना तुम्ही म्हणालात, "वैशाली, उद्यापासून खिडकीची जागा तुझी." आणि धायरीच्या बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलात. मी खालीही उतरले नाही. ड्रायव्हर ओरडला, तेव्हा उतरले. पुढच्याच महिन्यात मी कायम झाले.

मग मी तुमच्या घरी यायला लागले. दिवाळीला, आणि अधूनमधून, उगाच. तुम्ही दार उघडायचात, पोहे करायचात, माझं बोलणं दुरुस्त करायचात. माझ्या लग्नपत्रिकेत तुम्ही सात चुका काढल्यात आणि म्हणालात, "नवरा तरी नीट बघून घेतलास ना?" आपण कचाकचा भांडायचो. मी म्हणायचे, ऱ्हस्व-दीर्घ काढूनच टाकायला पाहिजे मराठीतून, बोलताना कोण पाळतं? तुम्ही म्हणायचात, बोलताना मीठही कोणी मोजत नाही, म्हणून आमटीत टाकायचं नाही का? पण एकदा, दोनेक वर्षांपूर्वी, तुम्ही तो जुना तक्ता काढून एका पाकिटावर दोन अक्षरं काढलीत. म्हणालात, "हे माझं नाव त्यांच्या लिपीत. सि आणि न्दु. धू नाही त्यांच्यात, पण चालेल. दोनच अक्षरं, आणि ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. इथं माझं नाव कोणी चुकवूच शकत नाही." तो वाद अर्धाच राहिला. तुम्ही हरलात की मला हरवलंत, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि तीन वेळा, बाई, मी सांगायला गेले. तिन्ही वेळा मी सुरुवात केली, "बाई, त्या वेळी ना, फार घाई होती…" आणि तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "चहा निवतोय."

मी चहा प्यायचे. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटायचं. घरी जाताना स्वतःलाच समजवायचे, की त्यांना सगळं माहीत आहे, त्यांनी माफ केलंय, उकरून काढण्यात काय अर्थ? जिना उतरेपर्यंत ते मला पटलेलंही असायचं.

परवा तुमच्या घरी तुमच्या छापखान्यातले एक जुने गृहस्थ आले होते भेटायला. भला माणूस. तुमच्या फोटोकडे बघत म्हणाले, "काय नजर होती बाईंची! आयुष्यात एकच चूक, ती पण त्या आफ्रिकेच्या कामात. चालायचंच, माणूस आहे." म्हणजे ती गोष्ट छापखान्यातल्या जुन्या लोकांपर्यंत पोचली होती! तीस वर्षं तुम्ही तपासलेलं पुन्हा तपासणाऱ्यांपर्यंतही पोचली असणार. मी तिथेच बसले होते, हातात कप घेऊन. तोंड उघडलं नाही. पुन्हा नाही उघडलं, बाई! नोकरी जायची भीती नव्हती, मॅनेजर नव्हता, काही नव्हतं. नुसती सवय.

ते गेल्यावर मंदाताई उठल्या आणि कपाटातून ती फाइल घेऊन आल्या. "ती म्हणाली होती, वैशालीला दे. कधी ते सांगितलं नव्हतं. मला वाटतं आता द्यावी."

तो कागद वर होता. तुमची लाल ओळ, खाली माझी निळी. घाईत मी 'विचारल' लिहिलं होतं, अनुस्वार न देता. त्या 'ल'वर तुम्ही लाल शाईने टिंब दिलं होतंत. खोटं होतं तसंच ठेवलंत, बाई, शुद्धलेखन तेवढं सुधारलंत! मी हसायला लागले आणि मग मला आवरेना. मंदाताईंनी पाणी आणलं.

मी विचारलं, "त्यांनी हा कागद तेव्हा दाखवला का नाही?"

"मीही विचारलं होतं. म्हणाली, पोरगी प्रोबेशनवर आहे. आणि उत्तर कोणाचं का असेना, सही माझी आहे."

"रागावल्या नव्हत्या?"

"रागावली नव्हती? दोन वर्षं तुझं नाव काढलं की भांडी आपटायची. दिवाळीला तू येऊन गेलीस की दोन दिवस माझ्यावर राग."

"मग मी सांगायला लागले की थांबवायच्या का?"

मंदाताईंनी माझ्याकडे तुमच्यासारखंच बघितलं. "तू दर वेळी घाईपासून सुरुवात करायचीस गं. ती म्हणायची, नुसतं 'विचारलं नव्हतं' एवढं म्हणेल त्या दिवशी मी चहा निवू देईन."

बाई, दोनच शब्द होते. त्यासाठी तुम्ही इतकी वर्षं पोहे केलेत, दार उघडलंत, वाट बघितलीत, आणि मी दर वेळी कप रिकामा करून उठले. तुम्ही माझी नोकरी वाचवलीत, माझं मराठी वाचवलंत. याबद्दल आभार मानायला जावं तर तोंडात पुन्हा तेच दोन शब्द अडकतात, आधी ते बाहेर आल्याशिवाय दुसरं काही येत नाही.

तुम्ही शेवटपर्यंत फुकट तपासून देत होतात त्या मासिकाच्या संपादकांनी मला तुमच्यावर लिहायला सांगितलंय. म्हणाले, त्या चुकीचं वगैरे नका काढू, चांगलं लिहा. मी तेच काढतेय. हे प्रूफ आता कोण वाचणार, मला माहीत नाही. अनुस्वार मी चार वेळा बघितलेत. खालच्या शुद्धिपत्रात कारण मात्र एकही दिलेलं नाही, शोधून बघा.

शुद्धिपत्र

'सिंधु सुतार' याऐवजी 'सिंधू सुतार' असे वाचावे.

'ई' याऐवजी 'ए' असे वाचावे.

'चूक सुतारबाईंची' याऐवजी 'चूक माझी' असे वाचावे.

'विचारलं' याऐवजी 'विचारलं नव्हतं' असे वाचावे.

– वैशाली राऊत